अपारंपरिक ऊर्जेचे अनुदान आणि त्याचे मोल

सूर्यप्रकाश आणि वारा या निसर्गाच्या देणग्या विनामूल्य आहेत. त्यांपासून वीज निर्माण करणारी यंत्रसामग्री मात्र विनामूल्य नाही. तिच्यासाठी भांडवल लागते, जमीन लागते, वाहिन्या लागतात आणि देखभालीसाठी माणसे लागतात. हा खर्च सुरुवातीस सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून शासन अनुदान देते. १९७३ च्या जागतिक तेलसंकटानंतर अपारंपरिक ऊर्जेकडे देशाचे लक्ष वेधले गेले. केंद्र शासनाने १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जासाधनांसाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि १९९२ मध्ये त्यास मंत्रालयाचा दर्जा दिला. तेव्हापासून आजपर्यंत या क्षेत्राच्या वाढीत अनुदानाचा वाटा मोठा आहे.

अनुदानाचा एक रुपया लाभार्थ्याच्या हाती पडतो तेव्हा तो कोणाच्या तरी खिशातून आलेला असतो. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण सार्वजनिक वित्तव्यवहारालाही तितकीच लागू पडते. तेव्हा अनुदानाचा खर्च किती, तो कोण सोसतो आणि त्यातून समाजाला काय मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे योजना राबविणारे अधिकारी, ती विद्यार्थ्यांस समजावून सांगणारे शिक्षक आणि गावात तिची निवड करणारे पंचायत सदस्य यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अनुदानाची विविध रूपे

अनुदान म्हटले की धनादेश किंवा बँकखात्यात जमा होणारी रक्कम डोळ्यांसमोर येते. हे अनुदानाचे सर्वांत सरळ रूप होय. अर्थसंकल्पात त्याची तरतूद असते, विधिमंडळात तिच्यावर चर्चा होते आणि वर्षअखेरीस हिशेब तपासला जातो.

दुसरे रूप करसवलतीचे. येथे शासन पैसे देत नाही. येणारे पैसे सोडून देते. तिजोरीवरील परिणाम तोच असतो, पण तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. तिसरे रूप हमी दराचे. वीज वितरण कंपनीने अपारंपरिक वीज ठराविक चढ्या दराने विकत घ्यावी असे बंधन घातले जाते आणि वाढीव खर्च सर्व ग्राहकांच्या देयकांत वाटला जातो. चौथे रूप शुल्कमाफीचे. उदाहरणार्थ, ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित झालेल्या सौर व पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण आकारातून पूर्ण सूट देण्यात आली. वाहिन्यांचा खर्च त्यामुळे नाहीसा झाला नाही. तो त्या वाहिन्या वापरणाऱ्या इतरांकडे गेला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अनुदानाचा भार करदात्यावर पडतो किंवा वीजग्राहकावर पडतो. तिसरा मार्ग नाही.

गोबर गॅसचा धडा

खेड्यापाड्यांना अपारंपरिक ऊर्जेची ओळख झाली ती गोबर गॅसमुळे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात तरंगत्या टाकीच्या संयंत्राचा प्रसार केला. पुढे १९७८ मध्ये ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ ही स्थिर घुमटाची, कमी खर्चाची संयंत्रे आली. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्पांतर्गत संयंत्र बांधणाऱ्या कुटुंबास अनुदान मिळू लागले. कौटुंबिक संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला.

या कार्यक्रमाने असंख्य घरांतील धूर कमी केला आणि शेतास उत्तम खत दिले, हे निर्विवाद आहे. तरीही काही संयंत्रे कालांतराने बंद पडली. कोठे जनावरांची संख्या घटली, कोठे उन्हाळ्यात शेण कालविण्यास पाणी उरले नाही, तर कोठे घुमटास गेलेला तडा दुरुस्त करणारा गवंडी मिळाला नाही. अनुदान बांधकामासाठी होते, त्यामुळे बांधकाम झाले. संयंत्र दहा वर्षे चालू राहील, याची चिंता करणारी तरतूद मात्र तुलनेने दुबळी होती. शिवाय स्वयंपाकाच्या सिलिंडरवरही शासन सवलत देत होते. एकाच चुलीसाठी दोन अनुदाने परस्परांशी स्पर्धा करीत होती.

गोबर गॅसने दिलेला धडा पुढील प्रत्येक योजनेस उपयोगी आहे. ज्या गोष्टीसाठी पैसे दिले जातात ती गोष्ट घडते. बांधकामासाठी पैसे दिले तर बांधकामे होतात; ऊर्जा हवी असेल तर अनुदानाचा संबंध ऊर्जेशी जोडावा लागतो.

पवनचक्क्या आणि प्राप्तिकर

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलचा परिसर पाहणाऱ्यास पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. या रांगांच्या उभारणीत प्राप्तिकराचा एक नियम मोलाचा ठरला. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखविण्याची मुभा उद्योगांना होती. १९९० नंतरच्या दशकात हे प्रमाण १०० टक्के होते; पुढे ते ८० टक्के झाले.

हा लाभ कसा मिळे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजते. भरपूर नफा असलेल्या एका कंपनीने १० कोटी रुपयांची पवनचक्की उभारली. पहिल्या वर्षी ८ कोटींचा घसारा वजा झाला. कराचा दर ३० टक्के धरल्यास त्या वर्षीचा २ कोटी ४० लाख रुपयांचा कर वाचला. पुढील वर्षांत घसारा कमी मिळत असल्याने यातील काही भाग शासनाकडे परत येतो. परंतु मधल्या काळात ती रक्कम कंपनीस बिनव्याजी वापरावयास मिळते. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, चक्की किती युनिट वीज निर्माण करते याच्याशी या लाभाचा काहीही संबंध नाही. वारा कमी असलेल्या जागी उभी राहिलेली चक्कीही तितकाच कर वाचविते.

हा दोष ओळखून केंद्र शासनाने डिसेंबर २००९ मध्ये उत्पादनाधारित प्रोत्साहन सुरू केले. त्यानुसार घसाऱ्याचा लाभ न घेणाऱ्या प्रकल्पांस प्रत्येक युनिटमागे ५० पैसे मिळू लागले. २०१२ मध्ये दोन्ही सवलती थांबल्या. परिणाम तत्काळ दिसला. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवनऊर्जा क्षमता वाढली होती. २०१२-१३ मध्ये ही वाढ सुमारे १,७०० मेगावॅटवर आली. पुढे दोन्ही सवलती पुन्हा देण्यात आल्या. एप्रिल २०१७ पासून घसाऱ्याचा दर ४० टक्क्यांवर आणण्यात आला आणि उत्पादनाधारित प्रोत्साहन संपले.

अशा चढउतारांचाही खर्च असतो. कारखाने एका वर्षी अहोरात्र चालतात आणि दुसऱ्या वर्षी रिकामे राहतात. प्रशिक्षित कामगार विखुरतात. अनुदानाच्या रकमेइतकेच त्याचे सातत्य महत्त्वाचे असते, हा पवनऊर्जेचा धडा होय.

जर्मनीचा अनुभव

हमी दराच्या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग जर्मनीने केला. १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने तेथे अपारंपरिक वीज खरेदी करणे बंधनकारक झाले आणि २००० च्या कायद्याने अशा विजेस वीस वर्षांची दरहमी दिली. घरांच्या व गोठ्यांच्या छपरांवर सौरपट्ट्या आल्या. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत दरवर्षी ७,००० मेगावॅटहून अधिक सौर क्षमता उभी राहिली.

हमी दर आणि बाजारभाव यांतील फरक वीजग्राहकांकडून अधिभाराच्या रूपाने वसूल केला जाई. २०१० मध्ये हा अधिभार प्रतियुनिट सुमारे २ युरो सेंट होता. २०१४ मध्ये तो ६.२४ सेंट आणि २०१७ मध्ये ६.८८ सेंट झाला. यात एक विपरीत गोष्ट घडली. सौर व पवन विजेचा पुरवठा वाढल्यामुळे घाऊक बाजारातील विजेचे भाव उतरले; पण हमी दर कायम असल्याने दोहोंतील फरक वाढला आणि अधिभार चढला. घाऊक वीज स्वस्त होत असताना घरगुती देयक मात्र महाग होत गेले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टिकून राहावे म्हणून अधिक वीज वापरणाऱ्या उद्योगांना या अधिभारात मोठी सूट होती. त्यांचा वाटा साहजिकच लहान ग्राहकांवर पडला. स्वतःचे छप्पर असलेला गृहस्थ हमी दर मिळवीत होता आणि भाड्याच्या घरात राहणारा कामगार अधिभार भरीत होता, अशी टीका तेथे होऊ लागली.

जुलै २०२२ पासून जर्मनीने हा अधिभार शून्यावर आणला आणि त्याचा भार केंद्रीय अर्थसंकल्पावर घेतला. ग्राहकास दिलासा मिळाला; खर्च मात्र ग्राहकाकडून करदात्याकडे सरकला. जुन्या प्रकल्पांना दिलेली वीस वर्षांची हमी तशीच राहिली.

स्पेनमधील घाई

स्पेनने २००७ मध्ये लहान सौर प्रकल्पांस प्रतियुनिट सुमारे ४४ युरो सेंट इतका उदार दर देऊ केला. २०१० पर्यंत ४०० मेगावॅट सौर क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट होते. दर आकर्षक आणि क्षमतेवर परिणामकारक मर्यादा नाही, अशी स्थिती असल्याने एकट्या २००८ मध्ये २,५०० मेगावॅटहून अधिक क्षमता उभी राहिली. सप्टेंबर २००८ मध्ये शासनाने दर कमी केले, वार्षिक मर्यादा घातली आणि पुढील वर्षी हे काम जवळजवळ थंडावले.

तेथे ग्राहकांच्या दरात पुरेशी वाढ करण्यात येत नव्हती. त्यामुळे वीजव्यवस्थेचा खर्च आणि वसुली यांतील तूट साठत गेली व २०१३ पर्यंत ती २,५०० कोटी युरोंच्या वर गेली. या तुटीस केवळ अपारंपरिक ऊर्जाच कारणीभूत होती असे नव्हे. पण तिचा वाटा मोठा होता. २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांचे साहाय्य थांबले आणि २०१३ मध्ये आधी दिलेल्या हमीतही कपात झाली. संतप्त परदेशी गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादांपुढे अनेक दावे दाखल केले. पेलवणार नाही असे वचन देणे आणि मग ते मोडणे, या दोन्हींची किंमत त्या देशास चुकती करावी लागली.

सतरा रुपयांपासून दोन रुपयांपर्यंत

भारताने राष्ट्रीय सौर अभियानास जानेवारी २०१० मध्ये प्रारंभ केला. त्या सुमारास केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा आधारभूत दर प्रतियुनिट १७ रुपये ९१ पैसे ठरविला होता. हाच दर सर्वांना पंचवीस वर्षांसाठी दिला गेला असता तर स्पेनसारखीच वेळ आली असती. त्याऐवजी उलट लिलावाची पद्धत स्वीकारण्यात आली. जो सर्वांत कमी दर मागेल त्यास प्रकल्प मिळे. पहिल्याच फेरीत किमान दर १० रुपये ९५ पैशांवर आला. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे तो २ रुपये ४४ पैसे आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील लिलावात १ रुपया ९९ पैसे इतका खाली आला.

या घसरणीमागे केवळ भारतातील लिलाव नव्हते. जर्मनी, स्पेन यांसारख्या देशांनी चढ्या दराने केलेली खरेदी आणि चीनमधील कारखान्यांचा विस्तार यांमुळे सौरपट्ट्या जगभर स्वस्त झाल्या. जर्मन ग्राहकाने भरलेल्या अधिभाराचा लाभ काही अंशी भारतीय शेतकऱ्यालाही मिळाला. नव्या तंत्रज्ञानाच्या बाल्यावस्थेतील अनुदानाचे हेच मुख्य समर्थन आहे. मात्र जो आधी मोठ्या प्रमाणात खरेदी करतो तो महाग दराने करतो आणि जो थांबतो त्यास स्वस्त मिळते, हेही त्यातून दिसून येते.

दुसऱ्या बाजूस, देशी कारखानदारीस संरक्षण देण्यासाठी एप्रिल २०२२ पासून आयात सौरपट्ट्यांवर ४० टक्के सीमाशुल्क लावण्यात आले. स्वावलंबनासाठी त्याची आवश्यकता प्रतिपादिली जाते. तथापि अशा शुल्काने साहित्य महाग होते आणि त्या प्रमाणात अनुदानाचा रुपया कमी क्षमता उभारतो, ही बाब हिशेबात धरावी लागते.

एका युनिटमागे अनुदान किती?

अनुदानाचे मोजमाप कसे करावे, हे शाळेतील गणिताच्या तासालाही शिकविता येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटच्या छपरावरील संचास केंद्राकडून ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक कोटी घरांसाठी आखलेल्या या योजनेची तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे.

एक किलोवॅटचा संच महिन्यास सुमारे १२० युनिट वीज देतो. ३ किलोवॅटचा संच वर्षाला ४,३२० युनिट देईल. तो पंचवीस वर्षे चालला आणि उत्पादनातील घट सोडून दिली, तर एकूण १,०८,००० युनिट मिळतील. ७८,००० रुपयांस या संख्येने भागल्यास प्रतियुनिट सुमारे ७२ पैसे अनुदान पडते.

हा हिशेब अपुरा आहे, कारण अनुदान आज द्यावयाचे आहे आणि वीज पंचवीस वर्षांत मिळावयाची आहे. तीच रक्कम दरसाल ८ टक्के व्याजाने ठेवली असती तर पंचवीस वर्षे दरवर्षी सुमारे ७,३०० रुपये काढता आले असते. ७,३०० रुपयांस ४,३२० ने भागल्यास प्रतियुनिट १ रुपया ६९ पैसे येतात. आणि देखभालीअभावी संच दहाच वर्षांत बंद पडला तर? याच रीतीने हा आकडा सुमारे २ रुपये ६९ पैसे होतो. संच तोच, अनुदान तेच. परंतु पट्ट्या पुसण्याची आणि बिघडलेला इन्व्हर्टर बदलण्याची काळजी घेतली की नाही, यावर समाजास पडणारी किंमत एक रुपयाने बदलते.

छपरावरील संचाचा आणखी एक परिणाम आहे. अधिक वीज वापरणारा आणि म्हणून चढ्या दराने देयक भरणारा ग्राहक प्रथम सौरऊर्जेकडे वळतो. त्याचे देयक घटते. पण खांब, तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांवरील वितरण कंपनीचा खर्च घटत नाही. सायंकाळनंतर तोही याच वाहिनीवर अवलंबून असतो. उरलेला खर्च मग ज्यांना स्वतःचे छप्पर नाही अशा ग्राहकांत वाटला जाण्याचा धोका असतो. दर ठरविताना याचा समतोल साधणे हे नियामक आयोगापुढील कठीण काम आहे.

शेतीपंप : दोन अनुदानांची गाठ

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेतीपंपांचा आहे. जुलै २०२४ मधील शासन निर्णयाने राज्यात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना तिचा लाभ असून त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार अंदाजिण्यात आला. सरासरीने हा भार पंपामागे वर्षाला सुमारे ३३,५०० रुपये होतो.

याच काळात सौर कृषिपंपांनाही चालना मिळाली. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या कुसुम योजनेचा आधार घेऊन राज्यात सर्वसाधारण शेतकऱ्यास केवळ १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के वाटा भरून सौरपंप मिळतो. ५ अश्वशक्तीच्या पंपाची किंमत ढोबळमानाने सव्वातीन लाख रुपये धरल्यास शासनाचा वाटा सुमारे २ लाख ९२ हजार रुपये येतो. वार्षिक ३३,५०० रुपयांच्या सवलतीशी तुलना केली तर ही रक्कम पावणेनऊ वर्षांत भरून निघते. ८ टक्के व्याज धरल्यास मात्र सुमारे साडेपंधरा वर्षे लागतात. पुरवठादारावर दुरुस्तीची जबाबदारी पाच वर्षांची असते. सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत हा पंप कोण चालता ठेवणार, या प्रश्नावर या गुंतवणुकीचे यश अवलंबून आहे.

वरील हिशेबात आणखी एक अट गृहीत आहे. सौरपंपामुळे विजेवरील पंपाची सवलत खरोखर थांबली पाहिजे. तसे न झाल्यास दुसरे अनुदान पहिल्यात मिळविले जाते. जेथे वीजजोडणी नव्हतीच, तेथे सौरपंप हा तिजोरीवरील नवा खर्च असतो. त्याचबरोबर लांबच्या शेतापर्यंत वाहिनी ओढण्याचा खर्च वाचतो आणि कोरडवाहू जमीन ओलिताखाली येते. दोन्ही बाजू मांडूनच निष्कर्ष काढला पाहिजे.

पाण्याचा हिशेब तर अधिकच गंभीर आहे. सौरपंप एकदा बसला की पुढील प्रत्येक तासाचा उपसा शेतकऱ्यास विनाखर्च असतो. ज्या गावात विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात, तेथे विनाखर्च उपशाची किंमत शेजारच्या विहिरीस व पिण्याच्या पाण्यास द्यावी लागते. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील ढुंडी या गावी २०१६ मध्ये सौरपंपधारकांनी सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज वितरण कंपनीस विकण्यास प्रारंभ केला. विजेला मोल आल्याने अनावश्यक उपशावर आपोआप अंकुश येतो, हे त्यामागील तत्त्व लक्षणीय आहे.

दुसरा मार्ग संपूर्ण कृषिवाहिनीच सौरऊर्जेवर आणण्याचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील पंपांना दिवसा वीज द्यावयाची, अशी ही कल्पना आहे. या प्रकल्पांतील विजेचे दर प्रतियुनिट ३ रुपयांच्या आसपास आले. भाड्याने दिलेल्या जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. मोफत विजेचे अनुदान चालू ठेवले तरी ती वीज स्वस्त पडल्याने तिजोरीचा भार हलका होऊ शकतो. शिवाय हिवाळ्याच्या रात्री साप-विंचवाच्या भयात पिकास पाणी देण्याचे कष्ट टळतात. हा लाभ कोणत्याही ताळेबंदात दिसत नसला तरी शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने तो थोर आहे.

न दिसणारे खर्च

सौर विजेचा लिलावातील दर हा तिचा संपूर्ण खर्च नव्हे. दुपारी मुबलक असणारी ही वीज दिवेलागणीस, म्हणजे मागणी चढू लागते त्याच वेळी, मावळते. त्या वेळेसाठी औष्णिक केंद्रे सज्ज ठेवावी लागतात किंवा वीज साठवावी लागते. राज्यात घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच कार्य करीत आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज निर्माण करायची, ही त्याची रीत आहे. अशा साठवणुकीचा, नव्या वाहिन्यांचा आणि अर्ध्या क्षमतेवर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांचा खर्च अखेरीस ग्राहकाच्याच दरात येतो.

अनुदान वेळेवर न पोचण्याचाही खर्च असतो. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ६५ अन्वये राज्य शासनाने एखाद्या वर्गास सवलत द्यावयाची ठरविल्यास ती रक्कम आगाऊ देणे अपेक्षित आहे. ती लांबली की वितरण कंपनी कर्ज काढते, वीजनिर्मात्यांची देणी थकतात आणि पुढील लिलावात ते ही जोखीम धरून चढा दर मागतात.

अनुदान नसण्याचीही किंमत

येथवरच्या विवेचनावरून अनुदान हे अनिष्टच, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. कोळशाच्या विजेचा दरही संपूर्ण सत्य सांगत नाही. राखेने व धुराने होणारे आजार, खाणींमुळे विस्थापित झालेली गावे आणि तापमानवाढीचे परिणाम त्या दरात समाविष्ट नसतात. २०१० मध्ये केंद्र शासनाने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला व २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारण्यात आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवाकर आल्यावर त्याची जागा राज्यांना भरपाई देणाऱ्या उपकराने घेतली आणि स्वच्छ ऊर्जेशी असलेला त्याचा थेट संबंध सुटला. केरोसीन, सिलिंडर आणि शेतीची वीज यांवरही शासनाने दीर्घकाळ खर्च केला आहे. म्हणून तुलना करावयाची ती अनुदानित सौरऊर्जा व अनुदानरहित कोळसा यांची नव्हे. दोन्हींचा पूर्ण खर्च समोर ठेवून करावयाची.

चांगल्या अनुदानाची लक्षणे

देशोदेशींच्या अनुभवावरून काही कसोट्या हाती येतात. अनुदान उभारणीपेक्षा उत्पादनाशी जोडलेले असावे. दर लिलावाने किंवा स्पर्धेने ठरावा. एकूण रकमेस व क्षमतेस आरंभीच मर्यादा असावी. तंत्रज्ञान स्वस्त होत जाईल तसे अनुदान उतरत जाण्याचे वेळापत्रक आधीच जाहीर असावे आणि दिलेले वचन मोडू नये. भार कोणावर पडतो हे उघड असावे व तो दुर्बळ घटकांवर पडू नये. एका अनुदानाने दुसऱ्यास छेद देऊ नये.

ग्रामपंचायतीसही याच कसोट्या आपल्या पातळीवर लावता येतील. शाळेच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपावर सौरसंच घेताना पाच वर्षांनंतरच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी काही रक्कम वेगळी ठेवावी. वाचलेल्या वीजदेयकातून ती सहज निघू शकते. संच किती युनिट देतो याची मासिक नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. शाळेतील मुलांकडे हे काम सोपविल्यास त्यांना गणित व विज्ञान यांचा प्रत्यक्ष पाठ मिळेल. सौरपंपांची शिफारस करताना गावाच्या पाण्याचा ताळेबंद पाहावा आणि ठिबक सिंचनाची जोड देण्याचा आग्रह धरावा. सौर वाहिनी प्रकल्पासाठी गायरान किंवा पडीक जमीन देताना तिच्यावर अवलंबून असणाऱ्या पशुपालकांचा विचार आधी करावा.

शासनाचा पैसा हा अखेर लोकांचाच पैसा असतो. बंद पडलेल्या सौरपंपाच्या पट्ट्यांवर धूळ साचते तेव्हा त्या शेतकऱ्याच्या दहा टक्क्यांबरोबर समाजाचे नव्वद टक्केही वाया जातात. तोच पंप सोळा वर्षे चालला तर घेतलेला रुपया व्याजासह फिटतो आणि त्यानंतरचे पाणी खऱ्या अर्थाने उन्हाची देणगी ठरते. अनुदान मंजूर होणे हा कामाचा आरंभ आहे. संच चालू ठेवण्याची जबाबदारी त्याच दिवसापासून सुरू होते.